ब्रुकच्या नावावर सेट कापू नका!

मागच्या अंकात पीटर ब्रुक या इंग्रज नाट्यदिग्दर्शकाचं नाव नुसतं ओझरतं घेतलं होतं तर एवढे प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. ज्यांनी संगीत नाटकांबद्दल विचारलंय त्यांनी जरा थांबा, पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : सर, आमची कॉलेजची एकांकिका बसतेय. मी नेपथ्य करणार होते पण दिग्दर्शक म्हणतो सेट नाही, लेव्हल्स (उंच चौथरे) नाहीत, काही नाही, मागे काळे पडदे आणि बस, कारण म्हणे 'पीटर ब्रुकनेच सांगून ठेवलंय रंगमंच रिकामा पाहिजे'. खरंच असं म्हणालाय का तो? – नेपथ्यवाली, माटुंगा

म्हणालाय असं वाटावं असं एक वाक्य आहे खरं. 1968 साली त्याचं 'द एम्प्टी स्पेस' हे छोटंसं पुस्तक आलं, त्याची सुरुवातच अशी की कुठलीही मोकळी जागा घ्या, तिला रंगमंच म्हणा, एक माणूस त्या जागेतून चालत गेला आणि दुसरा त्याला बघतोय, झालं, नाटकाला एवढं पुरतं. आता हे वाक्य आपल्याकडे एकांकिका करणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी तोंडावर फेकतंच, आणि नव्वद टक्के वेळा बजेट संपलेलं असतं म्हणून फेकतं.

पण अगं, त्या दिग्दर्शकाला विचार की हे वाक्य लिहायच्या आधी ब्रुकने काय काय केलं होतं. जन्म लंडनचा, 1925. आईवडील लॅटव्हियातून आलेले ज्यू. लहानपणी घरच्या खेळण्यातल्या थिएटरमध्ये आईवडलांना बसवून त्याने आख्खा हॅम्लेट करून दाखवला होता आणि लेखक म्हणून शेक्सपिअरच्या बरोबरीने स्वतःचंही नाव टाकलं होतं, यावरून काय ते समज. विशीत बर्मिंगहॅमला, मग शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, त्याचीच नाटकं, आणि 1947 मध्ये, वय वर्षं 22, लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसचा डायरेक्टर ऑफ प्रॉडक्शन्स. बावीस! तिथे 1949 मध्ये 'सालोमे' नावाचा ऑपेरा केला त्याचं नेपथ्य कुणाकडे दिलं तर चित्रकार साल्वादोर दालीकडे. समीक्षकांनी असं काही धुतलं की विचारू नको, आणि थोड्याच दिवसांत ब्रुक तिथून बाहेर. नंतर लंडनचं वेस्ट एंड, न्यूयॉर्कचं ब्रॉडवे, म्युझिकल, मोठमोठे स्टार, सगळं करून झालं. म्हणजे ज्याच्याकडे नेपथ्याचं अख्खं दुकान होतं त्या माणसाने वीसेक वर्षं ते सगळं वापरून, कंटाळून, एकेक वस्तू बाहेर काढत काढत ते वाक्य लिहिलंय.

आणि ते लिहिल्यावर दोनच वर्षांनी, 1970 मध्ये, त्याने स्ट्रॅटफर्डला 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' केलं ते बघ कसं होतं. जंगलाची गोष्ट, पण झाड एकही नाही. सॅली जेकब्ज नावाच्या डिझायनरने तीन बाजूंनी बंद असलेली एक पांढरीफेक पेटी उभी केली, वर कडेने गॅलरी, लख्ख उजेड, लपायला कोपरा नाही. पऱ्या त्या गॅलरीतून काठीला लावलेली तारेची वेटोळी खाली सोडायच्या, ती झाली झाडं, त्यात प्रेमिक मंडळी अडकायची. पऱ्यांची राणी टिटानिया, तिचा बिछाना म्हणजे वरून लटकणारं भलंमोठं लाल पीस. आणि ते जादूचं फूल, ज्याचा रस डोळ्यांत घातला की माणूस प्रेमात पडतो, ते म्हणजे काठीच्या टोकावर गरगर फिरणारी ताटली! पऱ्यांचा राजा ओबेरॉन आणि त्याचा सेवक पक दोघं झोपाळ्यावर झुलतायत आणि ती फिरती ताटली एकाच्या काठीवरून दुसऱ्याच्या काठीवर जातेय, तोंडाने शेक्सपिअरची कविता चालू. ताटली पडली तर? तर पडली, उचलायची आणि पुढे. नटांना त्यासाठी सर्कशीतल्या कसरती शिकाव्या लागल्या होत्या.

तर याला काय रिकामा रंगमंच म्हणायचं का? वस्तू किती होत्या बघ, पण एकही नुसती शोभेची नाही, प्रत्येक वस्तू कुणीतरी नट हाताने वापरतोय. म्हणजे उलट नेपथ्यकाराचं काम वाढलं, सॅली जेकब्जचं नाव आज पन्नास वर्षांनी पण घेतलं जातंय. तू तुझ्या दिग्दर्शकाला एवढंच सांग की काळे पडदे लावायला माझी हरकत नाही, पण मग त्या रिकाम्या जागेत नट काय करणारेत ते तू मला तालमीत दाखव. दाखवू शकला तर कर बापड्या. नाही दाखवू शकला तर तो ब्रुक नाही, तो आळस.

प्रश्न : दिग्दर्शक व्हायचं तर एनएसडी (दिल्लीची राष्ट्रीय नाट्यशाळा) किंवा कुठला तरी कोर्स केलाच पाहिजे का? ब्रुक कुठे शिकला? – विलेपार्ले

ऑक्सफर्डला शिकला, पण नाटक नाही शिकला. नाटक तो करता करताच शिकला, आणि शिकण्यातला सगळ्यात मोठा दिवस त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. 1946, स्ट्रॅटफर्ड, शेक्सपिअरचं 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट', एवढ्या मोठ्या ठिकाणचं पहिलंच काम. बिचारा रात्रभर सेटच्या मॉडेलवर पुठ्ठ्याचे नट सरकवत बसला, कोण कुठून येणार, कुठे वळणार, सगळं नंबर टाकून वहीत उतरवलं. सकाळी जाडजूड वही घेऊन तालमीला. पहिल्या मोठ्या प्रवेशासाठी नटांना सोडलं आणि दोन मिनिटांत त्याच्या लक्षात आलं की ही माणसं पुठ्ठ्याची नाहीत, कुणी जास्त जोरात येतंय, कुणी रेंगाळतंय, कुणाची चालच अशी आहे की त्याने वहीत ठरवलेली जागा आता चुकीची वाटतेय. तो म्हणतो की त्या क्षणी मला ठरवायचं होतं, यांना वहीप्रमाणे वळवायचं की वही सोडायची. वही सोडली, आणि नटांच्यात जाऊन उभा राहिला.

कोर्स करा की नका करू हे मी काय सांगणार, केला तर चांगलंच आहे, वर्गात भांडायला चार माणसं मिळतात. पण आपल्याकडे अजूनही कितीतरी दिग्दर्शक 'तू तिसऱ्या वाक्याला डावीकडे दोन पावलं' असंच बसवतात आणि मग नट प्रयोगभर पावलं मोजत असतो ते पहिल्या रांगेतून दिसतं हो.

प्रश्न : राज्य नाट्य स्पर्धेत परीक्षकांनी माझ्या पॉजना नाव ठेवलं, म्हणाले 'नाटक थांबलं'. पॉज किती सेकंदांचा असावा असा काही नियम आहे का? ब्रुक काय म्हणतो? – ठाणे

सेकंदांचा नियम नाही पण ब्रुकची एक गोष्ट आहे ती तुम्हाला नक्की उपयोगी पडेल. 1950 मध्ये त्याने शेक्सपिअरचं 'मेझर फॉर मेझर' केलं, स्ट्रॅटफर्डलाच, मोठा नट जॉन गिलगुड त्यात अँजेलो. शेवटी इझाबेला नावाच्या तरुण पोरीला गुडघ्यावर बसून त्याच अँजेलोच्या जिवाची भीक मागायची असते, म्हणजे ज्याने तिच्यावर डाव टाकला आणि तिच्या भावाला मारायचा हुकूम दिला त्याच्या. ही भूमिका करत होती बार्बरा जेफर्ड. ब्रुकने तिला सांगितलं की गुडघ्यावर बसायच्या आधी थांब, आणि प्रेक्षकांना आता अजिबात सहन होत नाही असं तुला वाटेपर्यंत थांब. रोज वेगळं. काही रात्री लवकर संपायचं, काही रात्री म्हणे दोन दोन मिनिटं थिएटर श्वास धरून बसायचं. दोन मिनिटं स्टेजवर कुणी काही बोलत नाहीये याची कल्पना करा, आपल्याकडे तेवढ्यात कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडेल.

यातली मेख अशी की त्या पॉजमध्ये बाईला निर्णय घ्यायचा होता. क्षमा करायची की नाही. प्रेक्षकांना माहीत होतं तिच्या डोक्यात काय चाललंय, म्हणून ते थांबले. तुमच्या पॉजमध्ये निर्णय आहे का ते बघा, नसेल तर परीक्षक बरोबर बोलले.

प्रश्न : एका इंग्रजाने महाभारत करावं आणि आपण टाळ्या वाजवाव्यात हे मला पटत नाही. त्यात द्रौपदी सोडली तर बाकी सगळे परदेशी! तुम्हाला काय वाटतं, स्पष्ट सांगा. – एक जुना प्रेक्षक, गिरगाव

काका, स्पष्टच सांगतो पण आधी नक्की काय झालं होतं ते थोडं सविस्तर, कारण यावर मत असलेली माणसं पुष्कळ आणि बघितलेली कमी.

1970 च्या त्या 'ड्रीम'नंतर ब्रुकने इंग्लंडचा बाडबिस्तरा गुंडाळला आणि पॅरिसला गेला, मिशेलीन रोझान या निर्मातीबरोबर नाट्यसंशोधनाचं एक आंतरराष्ट्रीय केंद्र काढलं. वेगवेगळ्या देशांतले नट, भाषा एक नाही, सवयी एक नाहीत. 1972 च्या शेवटाला ही मंडळी गाड्या घेऊन सहारा ओलांडून आफ्रिकेत गेली. गावात पोचायचं, एक सतरंजी अंथरायची, भोवती लोक जमले की सुरू. त्यातला एक खेळ नुसत्या बुटांचा होता, सतरंजीच्या मध्ये बुटांचा एक जोड ठेवलेला, कुणी नट येऊन तो घालणार आणि त्या बुटांनी त्याचं काय होतं ते बघायचं. संहिता शून्य. आपल्याकडे दशावतारवाल्यांना किंवा तमाशाच्या फडाला यात नवीन काय असं वाटलं असतं, आणि खरंच आहे, देवळासमोरच्या अंगणात पेटाऱ्याचं सिंहासन करून इंद्राचा दरबार भरवणाऱ्यांना ब्रुक काय शिकवणार. त्याला स्वतःलाही हे ठाऊक होतं. असल्या रांगड्या, धुळीतल्या नाटकाबद्दल त्या 'एम्प्टी स्पेस'मध्ये एक अख्खं प्रकरण आहे.

मग 1974 मध्ये त्यांना पॅरिसच्या एका मोठ्या रेल्वे स्टेशनच्या मागे 'बूफ द्यू नॉर' नावाचं बंद पडलेलं थिएटर सापडलं, 1876 चं, वीस वर्षं कुणी फिरकलं नव्हतं. ब्रुकने ते दुरुस्त केलं पण रंगवलं नाही. भिंतींवरचे डाग, उडालेला गिलावा, सगळं तसंच ठेवलं, उंच स्टेज काढून नट प्रेक्षकांच्या पातळीवर आणले. (आज त्या भागात श्रीलंकन तमिळ लोकांची दुकानं आणि इडली-डोशाची हॉटेलं आहेत, नाटकाआधी पोटाची सोय चांगली होते.) गंमत बघा, त्याच 1974 मध्ये आपल्याकडे दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रयोग सुरू केले. सुलभाताई आणि अरविंद देशपांडे, अरुण काकडे म्हणजे काकडेकाका, ही मंडळी काय पॅरिसकडे बघून करत नव्हती, त्यांना जागा हवी होती आणि भाडं परवडायला हवं होतं. पण प्रेक्षकांच्या इतक्या जवळ नट आणला की खोटं चालत नाही हे दोन्हीकडे एकाच वेळी कळत होतं.

महाभारत याच थिएटरमधून निघालं. फिलिप लाव्हास्तीन नावाचे एक संस्कृत जाणणारे फ्रेंच गृहस्थ होते, ते ब्रुकला आणि लेखक जाँ-क्लोद कारिएरला रात्री बसून गोष्टी सांगायचे. त्यातून दोघांना वेड लागलं. जवळपास दहा वर्षं काम, भारतात फेऱ्या, आणि 1985 च्या जुलैमध्ये फ्रान्समधल्याच आव्हिन्योंजवळच्या एका दगडाच्या खाणीत पहिला प्रयोग. नऊ तास! द्यूत, वनवास, युद्ध असे तीन भाग, काही वेळा तिन्ही सलग, रात्री सुरू करून पहाटेपर्यंत. जमिनीवर माती, पाणी, खरी आग. रथ म्हणजे एक चाक. व्यास एका लहान मुलाला गोष्ट सांगतोय आणि गणपती लिहून घेतोय. भीष्म आफ्रिकेतल्या कथा सांगणाऱ्यांच्या घराण्यातला सोतिगी कुयाते, द्रोण जपानचा योशी ओइदा, धृतराष्ट्र पोलंडचा, आणि द्रौपदी आपली मल्लिका साराभाई. 1987 पासून इंग्रजी प्रयोग घेऊन जगभर फिरले, न्यूयॉर्कला तर त्यासाठी एक पडीक थिएटर मुद्दाम पडीकच दिसेल असं दुरुस्त केलं, ग्लासगोला जुनी ट्रामची शेड घेतली. (आपल्या गिरण्यांच्या शेडमध्ये काय आलं ते तुम्ही बघतच आहात.) भारतात मात्र ते नाटक आलंच नाही, आणि मला वाटतं तुमच्या रागातला निम्मा राग याचाच असावा.

उरलेला निम्मा रास्त आहे. 1988 मध्ये नाट्यसमीक्षक रुस्तम भरुचा यांनी आपल्या मुंबईतूनच निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त यावर सणसणीत लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की गोष्ट उचलली पण ती ज्या समाजातून आली तो समाज, जात, धर्म, कर्म, सगळं मागे सोडून दिलं, आणि भारतीय कलावंतांशी देवाणघेवाण म्हणतात तशी झाली नाही, नुसती घेवाणच झाली. गीतेचंच बघा ना. कुरुक्षेत्रावर कृष्ण अर्जुनाच्या कानात काहीतरी कुजबुजतो आणि चारच वाक्यं आपल्याला ऐकू येतात. ज्या देशात गीतेवर टीका लिहिण्यात पिढ्या गेल्या, ज्ञानेश्वरी घराघरांत वाचली जाते, तिथल्या माणसाला हे तोकडं वाटणारच.

पण तुमचा जो मुख्य मुद्दा आहे, इंग्रजाने करू नये आणि नट परदेशी का, तो मला पटत नाही. आपण शेक्सपिअर मराठीत आणला, जर्मन नाटककार ब्रेख्त आणला, तेव्हा कुणाची परवानगी घेतली होती? धृतराष्ट्र गोरा असल्याने माझं काही बिघडत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ब्रुकची सगळी ताकद वस्तू काढून टाकण्यात होती आणि महाभारतात त्याने नको तेवढं काढलं. 'ड्रीम'मधलं जंगल काढलं तरी चाललं कारण इंग्लंडच्या प्रेक्षकाच्या डोक्यात ते जंगल शाळेपासून आहे, तो ते स्वतः लावून घेतो. पॅरिसच्या प्रेक्षकाच्या डोक्यात हस्तिनापूर नाही. एकलव्याचा अंगठा कापला जातो तेव्हा मराठी माणसाच्या मनात जे काही उसळतं, आजचं राजकारण, शाळा, आडनाव, ते तिकडच्या माणसाच्या मनात कुठून येणार, त्याला ती एक करुण गोष्ट वाटते आणि नाटक पुढे जातं. रंगमंच रिकामा चालतो, काका, पण तो भरून काढायला प्रेक्षकाकडे काहीतरी असावं लागतं. ही गोष्ट ब्रुकला आफ्रिकेत कळायला हवी होती असं माझं मत.

आणि तरीही सांगतो, द्यूताचा भाग मिळाला तर बघाच. सभेत द्रौपदी जो प्रश्न विचारते, स्वतःला हरलेला माणूस दुसऱ्याला पणाला लावू शकतो का, तो मल्लिका साराभाई असा विचारते की सगळी परदेशी सभा आपली वाटायला लागते. साधारण त्याच सुमाराला आपल्याकडे रविवारी सकाळी चोप्रांचं महाभारत लागायचं, रस्ते ओस पडायचे, मुकुट आणि बाण आणि विजा सगळं जोरात, आणि त्या तुलनेत हे इतकं शांत आहे की आधी वाटतं टीव्हीचा आवाज गेलाय.

प्रश्न : ब्रुकचं काही मुंबईत आलं होतं का? – दादर

हो तर. 2016 मध्ये एनसीपीएला 'बॅटलफील्ड' आलं होतं, मूळ प्रयोगानंतर तीस वर्षांनी तो परत महाभारताकडेच वळला, बरोबर त्याची सहकारी मारी-एलेन एस्तिएन आणि कारिएर. नऊ तासांचं सव्वा तासाच्या आसपास आणलेलं. चार नट, एक वादक, थोड्या काठ्या आणि रंगीत कापडं. युद्ध संपलंय, प्रेतं पडलीयत, जिंकलेला युधिष्ठिर म्हणतोय हा विजय म्हणजे पराभवच, आता राज्य कसं करू. बस एवढंच. तोशी त्सुचितोरी नावाचे जपानी वादक एक ढोलकं घेऊन कडेला बसलेले, शेवटी फक्त ते वाजवतात आणि चौघं नट नुसते ऐकत बसतात. मला हे नऊ तासांपेक्षा जास्त आवडतं, कारण इथे कथा सांगायची घाई नाही आणि युद्धानंतरचा पश्चात्ताप कळायला कुठल्याच देशाच्या प्रेक्षकाला हस्तिनापूरचा नकाशा लागत नाही.

प्रश्न : भारत सरकारने त्याला काही दिलं का हो? – मुलुंड

पद्मश्री, 2021. पुढच्याच वर्षी 2 जुलै 2022 ला पॅरिसमध्ये गेला, वय 97. शेवटपर्यंत काम करत होता.

प्रश्न : मी 24 वर्षांचा आहे, नोकरी करून प्रायोगिक करतो. ब्रुकचं काय बघू, काय वाचू? इंग्रजी बेताचं आहे. – डोंबिवली

इंग्रजी बेताचं असेल तर 'एम्प्टी स्पेस'ने सुरुवात कर, पुस्तक लहान आहे आणि भाषा सोपी. चार प्रकरणं. पहिलं मेलेल्या नाटकाबद्दल, ते वाचताना दर दोन पानांनी तुला आपलं कुठलं ना कुठलं हाऊसफुल्ल नाटक आठवेल, मी नावं घेत नाही, मला पण शिवाजी मंदिरच्या कट्ट्यावर उभं राहायचं असतं. नाटकं तर आता बघता येणार नाहीत पण त्याने सिनेमे पण केले होते. 'मारा-साद' 1967 चा, वेड्यांच्या इस्पितळात पेशंट लोक फ्रेंच राज्यक्रांतीचं नाटक करतायत आणि हळूहळू ते हाताबाहेर जातं. ग्लेंडा जॅक्सन त्यात चाबूक म्हणून स्वतःचे केस वापरते, तो प्रसंग बघ आणि मग विचार कर की खरा चाबूक असता तर एवढं लागलं असतं का. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' 1963 चा, बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांचा, त्यात बहुतेक मुलांनी आधी कधी अभिनय केलेला नव्हता. महाभारताची 1989 ची फिल्म आहे, त्यातली पाच तासांच्या वरची लांब आवृत्ती बघ, तीन तासांची बघू नकोस, तिच्यात कोण कुणाचा कोण ते आपल्याला माहितीये म्हणून कळतं एवढंच.

आणि एक, हे सगळं डोंबिवली-सीएसएमटी लोकलमध्ये फोनवर बघू नकोस रे, रविवारी ग्रुपला घरी बोलाव, मोठ्या स्क्रीनवर लाव, आणि मध्येच थांबवून भांडा.